लाभलेली सीट

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आज पाच माणसं येऊन गेली. हर्षूला बघायला येतात म्हणे — आणि सीट बघून जातात!

गॅरेजवाल्याने काल गाडीतून काढून दिली. हर्षूची सीट, मागे बेल्टने बांधतो ती. आईंनी ती हॉलमध्ये टीव्हीशेजारी मांडलीय. डेटॉलच्या पाण्याने पुसली. वर हळदकुंकू. दांडीला काळा दोरा. येणारा प्रत्येकजण वाकून हात लावतो. सी विंगच्या काकूंनी तर नमस्कारच केला. सासूबाईंसमोर आणि काकूंसमोर एकाच वेळी हसायची ताकद नाही सध्या.

आई सगळ्यांना तेच सांगतात, त्याच शब्दांत. रविवारी सफाळ्याच्या मामांकडून जेवून येत होते, शिरसाडच्या पुढे एक स्कूटरवाला उलटा आला, पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला, आपली गाडी त्याच्यात घुसली. कौस्तुभला खरचटलंसुद्धा नाही. ऋतिकाचं खांद्याजवळचं हाड मोडलं. आणि वीस महिन्यांचं पोर बघा — कपाळावर चार टाके, बस्स. सीट होती म्हणून. लाभली हो आम्हाला.

मी डावा हात गळ्यात अडकवून सोफ्यावर. मान डोलवायची. दिवसातून पाच वेळा मान डोलवली की खांदा ठणकतो.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

हर्षूला विचारलं, गाडी कुठे? त्याने कपाळाला हात लावला.

रविवार, २ नोव्हेंबर

आठवडा झाला. इथे तरी लिहून टाकते.

हर्षू सीटमध्ये नव्हता.

वरई फाटा सोडल्यापासून रडत होता. पट्टे नकोत, पाणी नको, बिस्किट नको, मोबाईल नको. मी गाणी म्हटली. कौस्तुभ पुढून म्हणाला, अगं घे ना त्याला बाहेर दोन मिनिटं, डोकं उठलंय माझं. घेतला. माझंही डोकं उठलंच होतं. कौस्तुभला काय बोलू, पट्टे सोडणारे हात माझे होते. मांडीवर आला आणि लगेच गप्प झाला. शेजारी सीट रिकामी. दोन मिनिटंही झाली नसतील.

आणि मी त्याला धरून ठेवलं नाही. म्हणजे धरला होता — दोन्ही हातांनी, घट्ट! पण आपटलो तेव्हा तो माझ्या हातांतून गेला. कधी गेला कळलंसुद्धा नाही. हात होते आणि हातांत तो नव्हता. पुढच्या सीटच्या मागच्या बाजूवर आदळून खाली पडला आणि वरून मी पडले, त्याच्यावर. माझ्या अंगाखाली होता. आणि आवाज नव्हता त्याचा. किती वेळ, माहीत नाही. मग रडला.

हॉस्पिटलमध्ये आई धावत आल्या तेव्हा कौस्तुभ बोलून गेला, सीटमध्ये होता म्हणून वाचला. मला वाचवायला बोलला की स्वतःला, देव जाणे. मी तेव्हा स्ट्रेचरवर होते. बोलायचं असतं तर बोलता आलं असतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

टाके काढले. हर्षूने अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला. डाव्या भुवईच्या वर खूण राहणार, डॉक्टर म्हणाले, मोठा झाला की दिसणार नाही फारशी. मला दिसेल.

तिथल्या सिस्टर जुलियाना भुईगावच्या आहेत, पन्नाशीच्या. कुवेतला नऊ वर्षं होत्या लहान मुलांच्या वॉर्डात. त्या रविवारी हर्षूला आणलं तेव्हाही त्याच होत्या. आज त्यांनी कौस्तुभला औषधं आणायला खाली पाठवलं, मुद्दाम पाठवलं असावं. मग हर्षूच्या शर्टाची बटणं लावता लावता म्हणाल्या, “त्या दिवशी ह्याच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ नव्हता. मी बघितलं होतं.”

मी फरशीकडे बघत बसले. त्या म्हणाल्या, मी कुणाला सांगणार नाही, घाबरू नकोस. मग विचारलं, सीट कुठाय? मी हळदकुंकवाचं सांगितलं. वाटलं हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, अशा टकरीनंतर तिथे आम्ही घरच्यांना सांगायचो, सीटचे पट्टे कापा आणि मगच फेका — म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरू नये. रिकामी असली तरी. झटका प्लॅस्टिकलाही बसतो, आत कुठे चीर गेली तर वरून दिसत नाही. पुढच्या वेळी तीच सीट दगा देते.

“कुणाला देऊ नका ती,” म्हणाल्या. मी म्हटलं, कुणाला देणार!

शनिवार, ८ नोव्हेंबर

विनिताला मुलगी झाली. पहाटे. तीन किलोला थोडी कमी. विनिता म्हणजे कौस्तुभची धाकटी बहीण, बोईसरला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून महिनाभर आमच्याकडेच आहे. आता सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतीण इथेच.

एका हाताने डिंकाचे लाडू वळता येत नाहीत. दुकानातून आणले. आईंनी चव घेऊन डबा बंद करून ठेवला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बारसं झालं. तेजस्वी नाव ठेवलं. पन्नास माणसं, क्लब हाऊसमध्ये. मी एका हाताने पेढे वाटले.

पाळणा म्हणून झाला आणि आईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं — सव्वा महिन्याने माझी नात बोईसरला जाईल ती हर्षूच्या सीटमधून. ज्या सीटने माझा नातू वाचवला त्या सीटमधून! बायकांनी टाळ्या वाजवल्या. विनिताचे डोळे भरून आले. तिच्या सासूबाई म्हणाल्या, ह्याहून मोठा आहेर कुठला.

मी कौस्तुभकडे बघितलं. तो आईस्क्रीमवाल्याशी बोलत होता.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आईंना म्हटलं, विनितासाठी नवीन सीट घेऊया, माझ्याकडून भेट. जुनी आता जुनी झाली. आई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. म्हणाल्या, तान्ह्याला पहिलं नवं घालतात का कधी? हर्षूला पहिलं झबलं घातलं ते जोश्यांच्या नातवाचं मागून आणलेलं, विसरलीस? धडधाकट, हसत्याखेळत्या पोराचं अंगावरचं आणायचं, त्याचं आयुष्य ह्याला लागतं.

हे खरं आहे. ते झबलं मीच जपून ठेवलंय. मऊ झालेलं, पिवळट. हर्षूनंतर तेही दोघींना देऊन परत आणलं. झबल्याचं ठीक आहे हो. झबलं काय, धुतलं की झालं.

मग मी सिस्टर जुलियानांचं सांगितलं, टकरीनंतर सीट आतून कमजोर होते ते. आईंनी सीटजवळ जाऊन तिच्यावर दोन थापा मारल्या. कुठे काय झालंय दाखव म्हणाल्या. दाखवायला काहीच नाही, तोच तर त्रास आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

विनिता बोलत नाही माझ्याशी. आईंनी तिला काय सांगितलं कोण जाणे. आज फोनवर तिच्या मैत्रिणीला सांगत होती, माझ्या कानावर पडावं इतक्या आवाजात, की काहींना आपल्या मुलाची वस्तू सुटत नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

कौस्तुभशी बोलले. आंघोळीला निघाला होता, टॉवेल खांद्यावर. तेवढाच वेळ मिळतो त्याच्याशी बोलायला.

म्हटलं, खरं सांगूया. सीट रिकामी होती हे कळलं की आईंच्या मनातून ती उतरेल. लाभली-बिभली कुणी म्हणणार नाही. तो म्हणाला, आणि तुला काय म्हणतील? आई जन्मभर ऐकवेल. हाडाचं दुखणं जाईल, हे जाणार नाही. मी म्हटलं, मला की तुला? कारण घे म्हणणारा तू होतास. त्यावर तो आंघोळीला गेला.

बाहेर आला तेव्हा डोळे लाल. साबण म्हणाला. मग हळूच म्हणाला, मला रोज तो आवाज येतो गं, आपटल्याचा. मला तर आवाज नसल्याचा येतो. दोघं शेजारी उभे राहून हर्षूला मोजे घातले. एका हाताने मी, दोन हातांनी तो.

मंगळवार, २ डिसेंबर

नवीन सीट आली. ऑनलाइन मागवली, कुणाला न विचारता. तान्ह्यापासून चालते, उलटी बसवायची, मागे तोंड करून. सगळं वाचून, व्हिडिओ बघून घेतली. खोका उघडून हॉलमध्ये ठेवली. म्हटलं, बघतील तर पाघळतील.

आई बघून खूश झाल्या. म्हणाल्या, बरं केलंस! ही आता हर्षूला वापर. आणि जुनी बिनघोर विनिताला.

कपाळावर हात मारून घ्यायचा होता. डावा उचलवत नाही, उजव्यात हर्षूची वाटी होती.

रविवार, ७ डिसेंबर

आठ दिवस राहिले. कंटाळा आला. झोपावंसं वाटतं नुसतं.

सोमवार, ८ डिसेंबर

आज तेजस्वीला तेल लावताना बघितलं. मान अजून धरत नाही. मालिशवाल्या मावशी तिला पायांवर पालथी घालतात तेव्हा डोकं इकडून तिकडे जातं, मावशींचा तळवा तिथे असतोच. एवढीशी मान. माझ्या मनगटाएवढीसुद्धा नाही.

बोईसर म्हणजे हायवेने दीड तास तरी. शिरसाडवरूनच जायचं.

हिच्या अंगावर मी कधी ओरडलेही नाही, आणि हिचं काही झालं तर ते माझ्यामुळे असेल. कारण मला ठाऊक आहे आणि मी बोलत नाही. लाज वाटते. नुसती लाज वाटून काय उपयोग, तेही कळतं.

बुधवार, १० डिसेंबर

आज झालं ते झालं.

दुपारी आई बँकेत गेल्या होत्या. हर्षू झोपलेला. मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि सीटपुढे बसले. पट्टा कापायला गेले. कापेना! एक हात, त्यात कात्री दुधाच्या पिशव्या कापणारी. पट्ट्यावर दात घासल्यासारखी ओढत होते. जेमतेम दोन धागे सुटले.

मागे विनिता उभी. तेजस्वी खांद्यावर. म्हणाली, “वहिनी, माझ्या मुलीच्या सीटला कात्री लावतेस?” आवाज असा की मी दचकून कात्री टाकली. आणि मग सगळं निघालं तिचं. मुलगा आहे म्हणून मिरवतेस. बारशाला तोंड पाडून बसलीस. माझ्या पोरीचं चांगलं बघवत नाही तुला. आई तेवढ्यात दार उघडून आत आल्या, चपलांसकट उभ्या राहिल्या.

मी खालीच बसले होते. उठायला एका हाताने वेळ लागतो. बसल्या बसल्याच म्हटलं, “हर्षू हिच्यात नव्हता. माझ्या मांडीवर होता. ही रिकामी होती. हिने कुणाला वाचवलं नाही.”

विनिता तेजस्वीला घेऊन खोलीत गेली आणि दार लावलं. आईंनी चपला काढल्या, जागेवर ठेवल्या, पाय धुतले आणि देवापुढे जाऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत एक शब्द नाही. कौस्तुभने घरात पाऊल टाकलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून समजला.

बरं वाटतंय असं लिहिणार होते. नाही वाटत. फक्त हलकं वाटतंय.

गुरुवार, ११ डिसेंबर

सकाळपासून वाट बघत होते — आता बोलतील, मग बोलतील. मनातल्या मनात उत्तरं तयार केली. एकही लागलं नाही.

दुपारी आई ताट घेऊन माझ्या खोलीत आल्या. मऊ भात, वर तूप, मेतकूट. बाळंतिणीला देतात तसं. पलंगावर टेकल्या. बराच वेळ माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तू धरून ठेवलंस त्याला. हाड मोडलं, पण पोराला सोडलं नाहीस.”

तोंडात घास होता. मला म्हणायचं होतं, नाही हो, सुटला तो. माझ्या हातांतून गेला. मी नाही धरू शकले. एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्या रडत होत्या. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, माझ्यासाठी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. मी घास गिळला.

मग त्यांनी मीठ-मोहरी-मिरच्या आणून माझी दृष्ट काढली. हर्षूची नाही, माझी. संध्याकाळी विनिता आली आणि तेजस्वीला माझ्या उजव्या हातावर दिली. चुकलं गं वहिनी, म्हणाली. आईच ती, दुसरं कोण धरणार असं, म्हणाली. तिघी रडलो. तेजस्वीने शू केली, मग तिघी हसलो.

किती दिवसांनी कुणी मला चांगलं म्हटलं! ऐकून घेतलं. कुणाचं काय बिघडतंय त्यात. सीट तर वाचली ना — म्हणजे सीटपासून बाळ वाचलं. तेच हवं होतं.

शनिवार, १३ डिसेंबर

सीट गेली. आईंनी स्वतःच्या हाताने हळदकुंकू पुसलं. काळा दोरा सोडला आणि माझ्या मनगटाला बांधला. मी बांधू दिला. कौस्तुभने कटरने पट्टे कापले, पाचही. प्लॅस्टिकवर मार्करने ‘वापरू नये’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्याशी नेऊन ठेवली. कचऱ्याची गाडी येईपर्यंत मी गॅलरीत उभी राहिले. गाडीवाल्याने उचलली तेव्हाच आत आले.

नवीन सीट विनिताच्या गाडीत बसवायची असं ठरवलंय. तिच्या मिस्टरांना व्हिडिओ पाठवला, उलटी कशी बसवायची त्याचा. अंगठा आला उत्तर म्हणून. विनिताला दोनदा दाखवलं, पट्टा किती घट्ट, क्लिप छातीवर कुठे. ती तेजस्वीच्या टोपीची नाडी बांधत हो हो म्हणाली. वहिनी, तू आता आराम कर, म्हणाली.

आज दुपारी दोन तास झोपले. गाढ. हर्षू अंगावर चढून बसला तरी कळलं नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

माझा एक्स-रे होता नऊला. विनिता अकराला निघणार होती, म्हटलं तोवर येईन आणि सीट मीच नीट बसवून देईन. हाड जुळलंय. पळतच आले.

गेले ते. जावईबापूंना दुपारची ड्युटी होती म्हणून साडेनऊलाच निघाले. नवीन सीट इथेच, चपलांच्या रॅकशेजारी. कौस्तुभ म्हणतो, मी म्हटलं होतं गं, विनी नको म्हणाली, आईही नको म्हणाली, मग मी फार ताणलं नाही.

विनिताने हायवेवरून फोटो पाठवलाय. पुढच्या सीटवर ती, मांडीवर तेजस्वी, दोन्ही हातांनी कवटाळलेली. खाली लिहिलंय, ‘तुझ्यासारखं घट्ट धरलंय, वहिनी. काळजी करू नकोस.’

फोन लावतेय. लागत नाही.